अप्पांचा निळा हौद

भोक पडलं म्हणून वस्तू टाकून देणाऱ्या माणसाच्या घरात लेक देऊ नये, असं आमच्या उदगीरच्या घरमालकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी मला, मी खोली बघायला गेलो तेव्हा, माझं नाव-गाव विचारायच्या आधी ऐकवलं. वास्तविक मी लेक मागायला गेलो नव्हतो. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, बायकामुलं नांदेडला होती आणि उदगीरच्या कॉलेजात बदली झाली म्हणून मला एक खोली हवी होती. पण माझ्या हातातल्या पिशवीचा तळ उसवला होता आणि घरमालकांची नजर माझ्या तोंडाआधी तिथं गेली होती. "पिशवी टाकणार का शिवणार?" त्यांनी विचारलं. मी आपला सहज "शिवणार" म्हणालो. "मग खोली तुमची," ते म्हणाले आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेऊन आत गेले. ती मला चार दिवसांनी परत मिळाली. तळ भक्कम झाला होता, फक्त एक बंद चुकून तळाबरोबर शिवला गेला होता.

गल्लीत सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही अप्पा म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला अक्का. अप्पांचं चौकात किराणा दुकान होतं, ते त्यांनी भाड्यानं देऊन टाकलं होतं आणि तेव्हापासून त्यांना दिवसभर कसलाही उद्योग नव्हता, म्हणजे अखंड उद्योग होता. अंगानं काटकुळे, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, कमरेला आखूड धोतर आणि वर एक बनियन. त्या बनियनला जागोजाग भोकं होती. साऱ्या जगाची भोकं बुजवत हिंडणारा माणूस स्वतःच्या अंगावर एवढी भोकं कशी खपवून घेतो, असं मी एकदा विचारलं. "ती भोकं न्हाईत, सर, त्या खिडक्या हायत," अप्पा म्हणाले. "मराठवाड्यात राहायचं तर अंगाला वारा लागाय पायजे का न्हाई?"

राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मला खालून अप्पांचा चढलेला आवाज ऐकू आला. "माझी सुलोचन कुठं हाय? काल हितंच होती. तूच घालवलीस तिला!" यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "मला काय करायचीय तुमची सुलोचन? बसली असंल कुठंतरी चिकटून." मी जिन्यातच थबकलो. परक्या गावात, परक्या घरात, नवराबायकोच्या असल्या भांडणात पडू नये म्हणून तसाच मागे फिरलो आणि चहा न पिता कॉलेजला गेलो. सुलोचन म्हणजे सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावायचं सोल्युशन, हे मला संध्याकाळी कळलं. ती नळी पुढे आमच्या घरात इतकी नित्याची झाली, की मीही नांदेडला गेल्यावर बायकोला सहज म्हणालो, "चपलेचा पट्टा निघालाय. सुलोचन असती तर बरं झालं असतं." त्याचा खुलासा करता करता माझा रविवार गेला.

अप्पांच्या घरातली प्रत्येक वस्तू निदान एकदा तरी मरून परत उठलेली होती. न्हाणीतल्या बादलीत मूळ बादली किती आणि डांबर किती हे सांगणं कठीण होतं. छत्रीला पाच रंगांची ठिगळं होती आणि त्यातलं एक अक्कांच्या जरीच्या खणाचं असल्यामुळे पावसात अप्पा नवरदेवासारखे दिसत. रॉकेलचा डबा मेणानं, तांब्या लाखेनं, पिंप कापडानं आणि कापड पुन्हा डिंकानं बुजवलेलं. आता कुणाला वाटेल की अप्पांचा हात मोठा कसबी असेल. तसं अजिबात नव्हतं. अप्पांनी बुजवलेलं भोक बुजत नसे, ते शेजारी सरकत असे. अक्का म्हणायच्या, "ह्यांनी हात लावला की भोक रुसतंय आन् बाजूला जाऊन बसतंय." पण अप्पांना त्याचं दुःख नव्हतं. नव्या जागी भोक दिसलं की त्यांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा उजळत असे.

हा छंद घरापुरता असता तरी चाललं असतं. एकदा मी शनिवारी नांदेडला निघालो तेव्हा अप्पा मुखेडच्या बाजाराला म्हणून माझ्याबरोबर एसटीत बसले. आमच्या सीटखाली पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून खालचा रस्ता पळताना दिसत होता. धूळ वर येत होती. बाकीचे प्रवासी नाकाला रुमाल लावून बसले. अप्पांनी मात्र खांद्यावरचा पंचा काढला, त्याची नीट सुरळी केली आणि सीटखाली वाकून ती त्या भोकात घट्ट ठासली. मुखेडला उतरताना पंचा निघेना. कंडक्टर घाई करू लागला. "ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले, "पंचा काय, दुसरा मिळंल. बसायचं सुख मिळतंय का कुणाला?" आणि उघड्या खांद्यानं बाजारात शिरले. पुढच्या सोमवारी परत येताना मला योगायोगानं तीच गाडी मिळाली. पंचा जागच्या जागी होता.

त्या काळात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. ती हवा अधूनमधून सुटायची, चार दिवस हॉटेलांतून खेळायची आणि पडायची. पण अप्पांनी ती एकदाच मनावर घेतली आणि दारावरच्या पाटीवर घराच्या नावाखाली 'जि. लातूर' होतं त्यातलं 'लातूर' पुसून 'उदगीर' रंगवून घेतलं. "जिल्हा झाल्यावर पेंटरला सवड मिळायची न्हाई," असा त्यांचा हिशेब. पोस्टमन बिचारा सज्जन होता, त्यानं कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे सरकारच्या कितीतरी आधी नवा जिल्हा आमच्या दारात सुरू झाला आणि त्यात एक घर, तीन माणसं आणि असंख्य गळकी भांडी होती.

आणि मग तो उन्हाळा आला, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. आमच्याकडे ती पाण्याची रेल्वे नव्हती आली, टँकर यायचा. बोअर माघातच आटलं होतं. टँकर आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी, आणि प्रत्येक घराला ठरलेलं पाणी. ज्याच्याकडे साठवायला भांडी कमी, त्याचा उरलेला वाटा पुढच्या घराला. अंगणात अप्पांचा सिमेंटचा हौद होता, पण तो गेल्याच वर्षी तडकला होता आणि अप्पांनी स्वहस्ते दुरुस्त केला असल्यामुळे आता त्यात काहीच राहत नव्हतं. बाजारातून पिंपं नाहीशी झाली होती. कुठं एखादं उरलं असलं तरी नवं म्हणून अप्पा ते घेत नव्हते. त्यामुळे टँकरचा पाइप आमच्या अंगणात आला की बघता बघता आमची बादली, तांब्या, पातेली, पूजेची घागर सगळं भरून जायचं आणि निम्मं पाणी आमच्या डोळ्यांदेखत शेजारी जायचं.

अशा दिवसांत एका दुपारी हैदराबादहून फोन आला. अप्पांची एकुलती एक लेक सुवर्णा तिथं दिलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच होतं. पण फोनवर तिची सासू होती आणि तिचा सूर स्पष्ट होता. तो आवाज फोनच्या बाहेर, अंगणात बसलेल्या माझ्यापर्यंत येत होता. "अप्पा, तुमच्या भागात पेयाला पाणी न्हाई म्हणायलेत. बाळंतीण बाईला कशाला न्यायलाव तिकडं? हितंच करूं की."

अक्का फोनशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर 'बरोबर हाय त्यांचं' असं लिहिलेलं होतं. डोळ्यांत मात्र पाणी होतं. अप्पांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कोण म्हणतंय पाणी न्हाई? हौद भरून हाय हितं. लई हाय. पाठवा तुम्ही पोरीला."

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "बरं. मी स्वतः घेऊन येते तिला. हौद बघते आन् मग जाते."

फोन ठेवल्यावर अक्कांनी अंगणातल्या तडकलेल्या हौदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कुठला हौद?"

"बघू की," अप्पा म्हणाले. एवढंच. पण त्या संध्याकाळी ते जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच राहिले. मी त्यांना प्रथमच असं काही न करता बसलेलं पाहत होतो.

दोन दिवसांनी कॉलेजातून आलो तर अप्पा सायकल हातात धरून गल्लीत शिरत होते आणि कॅरिअरला निळ्या रंगाचं एक भलंमोठं गाठोडं बांधलेलं होतं. नव्या वसाहतीत लहान पोरांची एक शाळा होती. तिथं उन्हाळ्यात मुलांना डुंबायला म्हणून फुगवायचा प्लॅस्टिकचा तलाव आणलेला होता. यंदा डुंबणं बंद, आणि तलावालाही भोक. शाळेनं तो बाहेर काढून ठेवला होता. अप्पांनी तो मागून आणला. अंगणात तो पसरला तेव्हा त्याचा आकार कळला. एकावर एक तीन जाडजूड कडी, आणि आतून सगळीकडे छापलेले मासे. केशरी, गुबगुबीत आणि सगळेच्या सगळे हसणारे.

"हे काय?" अक्कांनी विचारलं.

"हौद," अप्पा म्हणाले.

सायकलच्या पंपानं तो फुगवायला आम्हा दोघांना जेवणापर्यंतचा वेळ लागला. फुगल्यावर तो खरोखर रुबाबदार दिसत होता. आम्ही जेवून आलो तोवर खालचं कडं बसलं होतं आणि त्यावरचे मासे सुरकुतून म्हातारे झाले होते. भोक होतंच, पण कुठं? ट्यूबचं भोक शोधायला ट्यूब पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे बघतात, हे पोरालाही ठाऊक असतं. पण हा तर पाणी साठवायचाच हौद. त्याला बुडवायला त्याच्याहून मोठा हौद पाहिजे, आणि त्यात पाणी पाहिजे. तेवढं पाणी असतं तर मग हा हौद कशाला पाहिजे होता? अप्पा या कोड्यापाशी येऊन पहिल्यांदा हसले. मग कामाला लागले.

आधी त्यांनी कान लावला. हौदाभोवती गुडघ्यांवर रांगत, डोळे मिटून, डॉक्टर छाती तपासतात तसे ते फिरले. गल्लीतली रहदारी थांबवायला त्यांनी मला दारात उभं केलं. मग भोकातून हवा आली तर उडेल म्हणून अक्कांच्या पावडरचा डबा कड्यावर शिंपडला. उदगीरच्या भर दुपारच्या वाऱ्यात ती पावडर सगळीच उडाली. मग त्यांनी उदबत्ती पेटवली. धूर जिथं वाकडा होईल तिथं भोक, असा विचार. उदबत्ती प्लॅस्टिकच्या अगदी जवळ नेली तेव्हा अक्कांनी धावत येऊन ती हिसकावून घेतली. "एक हाय ते सापडंना आन् दुसरं पाडायलाव काय?"

शेवटी उरला साबणाचा फेस. त्याला एक वाटी पाणी लागत होतं. अप्पांनी ते अक्कांकडे इतक्या हळू आवाजात मागितलं, की मला वाटलं ते माफी मागत आहेत. "वाटीभर? त्यात दोघांचा चहा व्हतो," अक्का म्हणाल्या. मी वर जाऊन दाढीचं उरलेलं पाणी घेऊन आलो. त्यात साबण आयताच होता. अप्पांनी दाढीचाच ब्रश घेऊन फेस लावायला सुरुवात केली आणि एका हसऱ्या माशाच्या डोळ्यापाशी फेसाचा एक बुडबुडा हळूहळू मोठा होऊ लागला. अप्पा स्थिर नजरेनं त्याच्याकडे बघत राहिले. बुडबुडा फुटला. "घावलास," ते म्हणाले.

त्या डोळ्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सुलोचन लावून चिकटवलं. संध्याकाळपर्यंत कडं ताठ राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. त्यानंतर टँकर आला, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आमच्या घराचा सगळा वाटा आमच्या अंगणात पडला. निळ्या पाण्यात मासे हलत होते. शेजारणी बघायला आल्या. अप्पांनी वरून आपलं एक जुनं धोतर अंथरलं, म्हणजे ऊन आणि कावळे दोन्हींचा बंदोबस्त झाला. अक्कांनी लांबूनच हात जोडले. माझ्या मते ते हौदाला नव्हे, देवाला होते, पण दिशा तीच होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अक्कांची हाक ऐकून मी खाली धावलो. उन्हानं सुलोचन विरघळली होती. रबराचं ठिगळ पाण्यावर तरंगत होतं, माशाच्या डोळ्यातून बुडबुड्यांची माळ लागली होती आणि त्या बाजूची भिंत हळूहळू वाकत चालली होती. भिंत वाकली की पाणी बाहेर, आणि अंगणाचा उतार गटाराकडे. मी दारातच उभा राहिलो. अप्पा उभे राहिले नाहीत. ते धोतरानिशी हौदात शिरले, वाकलेल्या भिंतीला पाठ लावून पाण्यात फतकल मारून बसले आणि माशाच्या डोळ्यावर अंगठा दाबून धरला. "पंप मारा, सर! थांबू नका!"

मी पंप मारू लागलो. अक्का पातेल्यानं पाणी उपसू लागल्या. शेजारणी आपापल्या घागरी घेऊन धावल्या आणि कुणीही न सांगता आमचं पाणी आमच्यासाठी आपल्या घरी जपून नेऊ लागल्या. घरातलं जे जे भांडं होतं ते ते बाहेर आलं, डांबराची बादली, लाखेचा तांब्या, मेणाचा डबा, म्हणजे गळणाऱ्यातून काढून गळणाऱ्यात भरणं चाललं होतं. ऊन रणरणत होतं. अप्पांचा अंगठा पांढरा पडला होता, पण ते हलायला तयार नव्हते. कितीतरी आठवड्यांत त्यांच्या अंगाला एवढं पाणी लागलं नव्हतं. अक्कांनी पातेलं भरता भरता एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बसलाच हाव तर पाठ तरी चोळून घ्या." गल्लीतल्या बायका खो खो हसल्या. अप्पाही हसले, पण अंगठा सोडला नाही.

निम्मं पाणी वाचलं. बाकीचं गटारात गेलं. सगळ्या बायका गेल्यावर अप्पा ओलेत्यानं पायरीवर बसले. अंगठ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "अप्पा, हैदराबादला फोन करून खरं सांगून टाका. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं न्हाई, सर," ते म्हणाले. "पोरगी लहान असताना दुकानापायी मी तिला कुठं न्हेलं न्हाई. जत्रा न्हाई, सहल न्हाई. लग्न झालं आन् गेली. आता एकदा ती म्हणायलीय, अप्पा मला घरी यायचंय. तिला पाणी न्हाई म्हणून येऊ नको म्हणू?"

अक्का दाराआड होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी पद्धतशीर प्रयोग सुरू केले, आणि ही गोष्ट मी त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी पाहिली नव्हती. हौदाच्या तळाशी एक निरुपयोगी पट्टी लोंबत होती. तिचे त्यांनी तुकडे कापले आणि एकेकावर एकेक औषध लावून उन्हात ठेवलं. सुलोचन सुटली. मेण वितळलं. डांबर घसरलं. नळाचे पाइप जोडायचं सोल्युशन होतं, ते भसकन लावलं तर प्लॅस्टिकच आक्रसून गोळा झालं, पण पुसट हात फिरवला तर धरलं. फक्त ठिगळ रबराचं चालेना. प्लॅस्टिकला प्लॅस्टिकच पाहिजे होतं, जाड आणि मऊ. तळाची पट्टी तर प्रयोगांतच संपली होती.

अप्पा घरभर शोधत फिरले आणि बैठकीच्या खोलीत येऊन थांबले. तिथल्या टेबलावर द्राक्षांच्या घडांचं चित्र असलेलं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ होतं. कॉलेजात असताना सुवर्णा मैत्रिणीबरोबर नांदेडला गेली होती, तेव्हा तिनं ते आईसाठी आणलेलं. अक्का त्याला इतक्या जपत की त्यावर वर्तमानपत्र अंथरल्याशिवाय कुणाला चहाची बशीसुद्धा ठेवू देत नसत. माझी पहिल्या महिन्यात यावरून एकदा कानउघाडणी झाली होती. अप्पांनी टेबलक्लॉथला हात लावून बघितला. मऊ होतं, जाड होतं. मग हात मागे घेतला आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले. आपल्या बनियनच्या भोकात बोट घालून फिरवत राहिले.

थोड्या वेळानं आतून कात्रीचा आवाज आला. अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर एक गोल तुकडा होता. त्यावर द्राक्षांचा एक पुरता घड होता. "एवढं पुरंल का आणखी कापू?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी 'पुरंल' म्हणून मान डोलावली. मग तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून घेतला.

त्या दिवशी ठिगळ अक्कांनी धरलं आणि सोल्युशन अप्पांनी लावलं. माशाचा डोळा आधी कोरड्या फडक्यानं, मग स्पिरिटनं पुसला. ठिगळ बसवून त्यावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा, आणि वरवंट्यावर माझी संदर्भग्रंथांची चवड. तो पाटा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हलवला नाही. तोवर आमच्या घरी चटणी झाली नाही आणि माझी तासाची तयारीही झाली नाही. उचललं तेव्हा माशाच्या डोळ्याच्या जागी द्राक्षांचा घड होता आणि मासा पूर्वीसारखाच हसत होता. यावेळी भोक शेजारी सरकलं नाही.

विहीणबाई आणि सुवर्णा सकाळच्या गाडीनं आल्या. आदल्याच दिवशी टँकर येऊन गेला होता. सुवर्णा पाय सुजलेली, दमलेली. तिला आत बसवून अक्कांनी गूळपाणी दिलं. विहीणबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "हौद कुठं हाय?"

अप्पा पुढे झाले. मी जिन्यात उभा होतो. तोवर त्या हौदात माझेही हात अडकले होते. अप्पांनी हौदावरचं धोतर बाजूला केलं. काठोकाठ पाणी आणि त्याखाली ते सगळे हसरे मासे. विहीणबाई बघतच राहिल्या. त्यांनी कड्याला एक बोट रुतवून पाहिलं. "हे फुगलेलं हाय?"

"हाय," अप्पा म्हणाले.

"फुटलं तर?"

"मी हाय की," अप्पा म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आखूड धोतर, खिडक्यांचं बनियन, कपाळावरचं भस्म. मग ओंजळभर पाणी घेऊन आपल्या तोंडावर मारलं आणि पदरानं पुसत म्हणाल्या, "बाळंतिणीला यात पवाया लावू नका म्हंजे झालं." त्या संध्याकाळच्या गाडीनं एकट्या परत गेल्या.

सुवर्णा तोवर बाहेर आली होती. तिची नजर त्या घडावर पडली. तिनं एकदा हौदाकडे आणि एकदा आतल्या टेबलाकडे पाहिलं. "आई, ते टेबलक्लॉथ कापलंस? तू?"

"एकच घड कापलाय. बाकीचे हायत की," अक्का म्हणाल्या. सुवर्णा हसू लागली आणि हसता हसता तिथंच पायरीवर बसून रडली. अप्पा लगबगीनं उठून पंप शोधायला गेले. पंप समोरच होता.

वैशाखात मुलगी झाली. तिच्या अंघोळीचं पाणी रोज त्या हौदातून निघे, गाळून, उकळून. रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की अप्पा चमचाभर तीर्थ घेऊन हौदापाशी येत आणि कडं दाबून बघत. ते ताठ असलं की मगच चहा घेत. नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्यांनी तिच्या मुठी उघडून बघितल्या, तळवे बघितले, कान बघितले, आणि समाधानानं म्हणाले, "कुठं कायबी कमी न्हाई." अक्का म्हणाल्या, "बरं झालं. न्हाईतर सुलोचन घेऊन आला असता." बाळबाळंतीण पाऊस सुरू झाल्यावर हैदराबादला गेली. गाडी सुटली तरी अप्पा फलाटावरून लवकर निघाले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी बदली परत नांदेडला झाली. अप्पांचे गुडघे गेले, अक्कांना साखर निघाली, आणि सुवर्णानं दोघांना आपल्याकडे नेलं. घराला कुलूप आहे. उदगीर काही अजून जिल्हा झालेलं नाही. अप्पा आता हैदराबादेत एका उंच इमारतीत राहतात. मी महिन्यातून एखादा फोन करतो. नात शाळेत जाते, खूप बोलते, अर्धं तेलुगूत. परवा फोन केला तेव्हा त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे कुठं लग्नाला गेले होते, आणि अप्पा निवांत बोलत होते. खाली बागेत जाऊन बसतो म्हणाले. लिफ्ट चांगली आहे म्हणाले. पाणी चोवीस तास आहे.

"मग दिवसभर काय करता?" मी विचारलं.

"काय करणार, सर? सगळं नवं हाय. हितं कायच गळंना."

त्यांच्याकडच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग त्यांनीच हळूच विचारलं, "तुमच्याकडं हाय का काही?"

मी खुर्चीवरून उठलो आणि फोन तसाच कानाला धरून घरभर बघत हिंडू लागलो.